बकऱ्या ओळखणाऱ्या लेकीला शाळेत काम द्या

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी पाचवीत आहे. चौथीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत होती, यंदा तालुक्याच्या गावी मिशनच्या शाळेत घातली. सेमी इंग्रजी आहे, शिस्त आहे, म्हणून घातली. आता दिवाळी होऊन गेली तरी ती रमत नाही. रविवारी संध्याकाळ झाली की पोट दुखतं. शाळेचं काही विचारलं तर गप्प बसते, बोललीच तर घरच्या बकऱ्यांचं बोलते. त्यात जाऊबाईंचं चालूच आहे, "मिशनवाले पोरीले बाटवतीन." आणि तुम्ही विचारलंय, ख्रिस्ती शाळेत आपल्या लेकराला आनंदानं शिकता येतं का, की ते शेवटपर्यंत परकंच राहतं?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या अशाच एका शाळेत १९८६ ते २०१८ शिकवलं, शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापिका होते. मी स्वतः ख्रिस्ती आहे, तेव्हा माझं बोलणं थोडं घरच्या बाजूनं झुकेल, हे धरूनच वाचा.

आधी पोटाचं बघू. "नाटक करते" असं म्हणून सोडून देऊ नका. नव्या शाळेत आलेल्या पाचवीच्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, हे मी दरवर्षी पाहिलंय. संडासाला कडी नसते, नाहीतर मोठ्या मुली बाहेर घोळका करून उभ्या असतात, आणि विचारायची लाज वाटते. मग पाणीच प्यायचं नाही. संध्याकाळी बाटली भरलेलीच घरी येते का, ते पाहा. येत असेल तर बाईंना जाऊन सांगा, कडीचं बघा, एखादी मैत्रीण सोबत द्या. माझ्याकडे आलेल्या पोटदुख्यांपैकी निम्म्या एवढ्यानंच थांबल्या. पण पोट फक्त रविवारीच दुखत असेल, शनिवारी नाही, तर मग ते पोट नाही.

आता बाटवण्याचं. जाऊबाईंना हसून उडवून लावता येईल, पण त्यांची भीती हवेतून आलेली नाही. माझी पणजी छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, मिशनच्या अनाथाश्रमात आली. आईबाप रस्त्यात गेले होते. तिला जेवण आधी मिळालं, धर्म त्यानंतर आणि अक्षर सगळ्यात शेवटी. हा क्रम मी कधी लपवला नाही. वऱ्हाडातल्या आमच्यासारख्या कितीतरी घरांची सुरुवात त्या दुष्काळातूनच झाली आहे.

पण आजची गोष्ट निराळी आहे. माझ्या शेवटच्या वर्गात बावन्न मुलं होती, त्यात ख्रिस्ती तीन. बाकी कुणबी, बौद्ध, बंजारा, मुसलमान, गोंड, कोलाम. परदेशातून पैसा येतो अशी गावात समजूत असते. आमच्या अनुदानित शाळेत पगार सरकारचा होता आणि छत गळलं की वर्गणी आमची. शिवाय कायदा तुमच्या बाजूनं आहे. राज्यघटनेचं कलम २८(३) सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही धर्मशिक्षण घ्यायला किंवा उपासनेला बसायला भाग पाडता येत नाही. मूल वयानं सज्ञान नसेल तर पालकाची संमती लागते. तुम्हाला नको असेल तर साध्या कागदावर मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज करा आणि त्याची पोच घ्या. माझ्या काळात असे चार-पाच अर्ज आले. एका मुसलमान पालकांची मुलगी परिपाठात प्रार्थनेच्या वेळी शांत उभी राहायची आणि नंतर पुढे येऊन दिनविशेष तीच वाचायची. तिच्याइतकं खणखणीत कोणी वाचत नव्हतं. मात्र एखादे शिक्षक तुमच्या घरच्या देवांना नावं ठेवत असतील तर अर्ज नाही, थेट तक्रार करा. तसं करणारी माणसं असतात. माझ्यासोबत एक होते, आणि त्यांना थांबवायला मी उशीर केला.

हे झालं भीतीचं. आनंदाचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचं उत्तर मला प्रार्थनेत सापडलं नाही, इंग्रजीतही नाही.

तुम्ही एक गोष्ट सहज लिहून गेलात. "घरी तेवीस बकऱ्या आहेत, सगळ्या तोंडावरून ओळखते, कोणती गाभण आहे ते हिला आमच्या आधी कळतं, पण अभ्यासात डोकं नाही." माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे. घरी तिच्यावाचून काम अडतं. शाळेत तिच्यावाचून काहीच अडत नाही. ती गेली काय, नाही गेली काय, हजेरीत एक फुली पडते. लेकराला हे बरोबर कळतं. शाळेला त्याची गरज पडायला लागली की ते रमतं. शिकवणं चांगलं, इमारत चांगली, हे सगळं त्याच्या मागून.

हे मला एका बरणीनं शिकवलं, ते सांगते.

२०१४ साली पाऊस लांबला होता. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनअखेर उघडतात, तेव्हा बाकी काही नसलं तरी ढग तरी असतात. त्या वर्षी तेही नव्हते. सहावीच्या पोरांनी विज्ञानाच्या तासाला पर्जन्यमापक केला. बिस्किटांची सरळ भिंतीची प्लास्टिकची बरणी घेतली, तोंडावर रॉकेलची जुनी चाडी, म्हणजे नरसाळं, बसवली, बाहेरून पट्टी चिकटवली. वसतिगृहात एक कोलाम मुलगी होती, पोडावरून, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरून आलेली, वर्गात तोंड न उघडणारी. ती तिथेच राहायची म्हणून रोज सकाळी साडेआठला पाणी मोजायचं काम तिच्याकडे दिलं. मोजायचं आणि फाटकाजवळच्या फळ्यावर खडूनं लिहायचं. फळा रस्त्याकडे तोंड करून होता, शेजारी एसटीचा थांबा.

आठ दिवसांत गंमत झाली. माणसं फळा पाहायला थांबू लागली. सायकल उभी करून म्हातारे विचारायचे, "किती झाला वं माय पाऊस?" आणि जी वर्गात "हजर" एवढंही धड म्हणत नव्हती, ती सांगायची, "वीस मिलिमीटर." मला वाटलं, झालं, काम फत्ते.

मग एक दिवस तिनं लिहिलं ६८. आधीचा वीस धरून झाले अठ्ठ्याऐंशी. आता तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला ठाऊक आहे, ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. आठवीतल्या एका मुलाच्या वडिलांनी फळा वाचला आणि दुसऱ्या दिवशी सरकी टोबली, म्हणजे कापूस लावला. बीटीची दोन पाकिटं. त्यानंतर पावसानं दडी मारली. कोंब आले आणि करपले.

पेपरात तालुक्याचा आकडा आला होता तीस. मी म्हटलं, असेल, पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो, दुसऱ्यावर नाही. विषय सोडून दिला. सोडला नाही तो त्या पोरीनं. तीन दिवस ती बरणीपाशी बसून होती. चौथ्या दिवशी माझ्या टेबलाजवळ आली आणि म्हणाली, "बाई, चाडीचं तोंड मोठं हाय, बरणीचं पोट लहान हाय."

बस, एवढंच. रुंद तोंडानं गोळा केलेलं पाणी अरुंद बरणीत पडत होतं, म्हणून उंची वाढत होती. मी बी.एस्सी. झालेली बाई, माझ्या लक्षात आलं नाही. आठवीच्या पोरांना बोलावलं. चाडीचा व्यास बारा सेंटिमीटर, बरणीचा आठ. बाराचा वर्ग १४४, आठचा ६४, भागाकार सव्वादोन. अडुसष्ट भागिले सव्वादोन, तीस. पेपरातला तीस! वर्गात जो आरडाओरडा झाला तो मला अजून ऐकू येतो. वर्तुळाचं क्षेत्रफळ मी वीस वर्षं शिकवत होते, तो धडा संपल्यावर असा आवाज कधी झाला नव्हता. मग एकजण म्हणाला, "म्हणजे आधीचा वीस बी खोटा," आणि सगळे गप्प झाले, कारण ज्याच्या बापाचं बी गेलं तो तिथेच बसला होता.

त्या संध्याकाळी मी त्या मुलीला घेऊन त्यांच्या घरी गेले. आम्ही शिक्षकांनी दोन पाकिटांचे पैसे काढले होते. माफी मी मागितली, चाडीचं तिनं समजावून सांगितलं, अंगणात ओल्या मातीवर दोन वर्तुळं काढून. त्यांनी एकाच पाकिटाचे पैसे घेतले. म्हणाले, दुसरं माझ्या घाईचं. पुढच्या पावसाळ्यात बरणीएवढीच चाडी लागली, आणि ते गृहस्थ रस्त्यावरून ओरडायचे, "आता तरी बरोबर हाय का वं चाडी?" ती दहावी होईपर्यंत त्या बरणीला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हती.

आम्ही काही थोर प्रयोग केला म्हणून हे सांगत नाही. आमच्या चुकीनं एका घराचं बी गेलं. पण त्या पोरीला शाळा आपली वाटली ती त्या चुकीनंतर, त्याच्या आधीच्या वाहवानं नाही. तिचं म्हणणं खरं ठरलं आणि आमचं खोटं, आणि शाळेनं ते मान्य केलं.

ह्याच्या अगदी उलटं पापही माझ्या नावावर आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी वर्गात नियम केला होता, "मले, तुले, काहून" म्हटलं की चार आणे दंड. तांड्यावरची बंजारा पोरं एकमेकांत गोरबोली, म्हणजे त्यांची घरची बोली, बोलली तरी दंड. शुद्ध मराठी आली पाहिजे, हेतू चांगला. वर्षाअखेर डब्यातले पैसे मोजले आणि वही काढून पाहिली, तर बहुतेक दंड तीनच पोरांचा, तिन्ही तांड्यावरची. दिवाळीनंतर त्या तिघांच्या नावावर दंडच नव्हता. मला वाटलं सुधारली. खरं म्हणजे त्यांनी बोलणंच बंद केलं होतं. त्यातला एक पुढच्या वर्षी आलाच नाही. आज शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही मनाई आहे. तेव्हा हा कायदा नव्हता, पण कायदा नव्हता म्हणून ते कमी वाईट ठरत नाही. तुमच्या मुलीच्या वर्गात असं काही चालतं का, हे तिला हळूच विचारा. भाषेवरून हसतात का, बकऱ्यांच्या वासावरून काही बोलतात का. मुलं हे आपणहून सांगत नाहीत.

ख्रिस्ती शाळेत ह्याला आणखी एक बाजू आहे. बायबलच्या गोष्टी बहुतेक शेतकऱ्यांच्या, मेंढपाळांच्या, कोळ्यांच्या आहेत. नीट सांगितल्या तर आपल्या पोरांना त्या शहरातल्या पोरांपेक्षा जास्त कळतात. मी एकदा पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली गोष्ट, सांगत होते. काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळीवर, काही काट्यांत, काही चांगल्या जमिनीत. मागून एकानं हात वर केला. "बाई, एवढं बी सांडते तर हा माणूस तिफण काहून नाही वापरत?" पहिल्यांदा मला राग आला, धड्यात व्यत्यय म्हणून. मग लक्षात आलं की हा वर्गातला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. त्या देशात बी हातानं फेकून पेरायचे, मग नांगरून मातीत मिळवायचे, हे सांगितलं, आणि पुढचा अर्धा तास वर्ग माझ्या हातात राहिला नाही. मुरमाड कोणाची, काळी कोणाची, कुंदा कोणाच्या वावरात, धुऱ्यावर काय उगवतं. धर्माचा तास होता, पण बोलत होती सगळी जण, अर्ज दिलेल्या घरचं पोरगंसुद्धा.

आणि आसपासची माती, दगड, बोली धरून चालणं ही काही नवी पद्धत नाही. नागपुरात १८४६ साली शाळा काढणारे स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी, ज्यांच्या नावानं पुढे १८८३ मध्ये हिस्लॉप कॉलेज झालं, ते खडक आणि जीवाश्म वेचत फिरायचे, गोंडांच्या बोलीतले शब्द उतरवून घ्यायचे. १८६३ च्या सप्टेंबरात नागपूरजवळच्या टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं पाहून, तिथली शाळा तपासून परत येताना भरलेल्या नाल्यात बुडून गेले. धर्मप्रसाराला आलेला माणूस पायाखालच्या दगडाकडे इतकं लक्ष देत होता, हे मला त्यांच्या बाकीच्या कामाइतकंच मोलाचं वाटतं. आमच्या शाळेत विहिरीच्या खोदकामातून निघालेल्या गारगोट्या पोरं आणायची, तेव्हा मी त्यांना सांगायचे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात राहिलेले हे बुडबुडे, नंतर खनिजांनी भरलेले. मग खिडकीत जागा पुरायची नाही.

तर आता तुम्ही काय करायचं. पालकसभेच्या दिवशी बोलू नका, त्या दिवशी बाईंना पन्नास पालक असतात. साध्या दिवशी, बाजाराला याल तेव्हा, छोट्या सुट्टीत जा. मार्कांचं काढू नका. एवढंच सांगा, "ही तेवीस बकऱ्या तोंडावरून ओळखते, हिला काहीतरी काम द्या." चांगल्या बाईंना पुढचं सांगावं लागत नाही. पाचवीच्या पोरीला ग्रंथालयाची पुस्तकं जागेवर लावता येतात, पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवता येतं, परसबागेतल्या झाडांची वही ठेवता येते. फक्त काम खरं हवं, म्हणजे तिनं नाही केलं तर कोणाच्या तरी लक्षात आलं पाहिजे. "मॉनिटर" हे काम नाही. ती पोरांची नावं फळ्यावर लिहून शत्रू जमवेल.

बसचं विसरू नका. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत फुकट मिळतो, तो काढला असेलच. पण ती बसमध्ये कोणाजवळ बसते? पुढच्या गावाहून चढणारी सातवी-आठवीची एखादी पोरगी गाठा, तिच्या आईशी बोला. मोठीनं धरलेली जागा ही लहानीच्या दिवसाची सुरुवात असते. अर्धी शाळा बसमध्येच भरते, असं मी म्हणायचे, माझे सहकारी हसायचे.

डब्यात जवसाची चटणी थोडी जास्त टाका. वाटायला पुरेल इतकी. कोण कोणाच्या डब्यातलं खातं हा आपल्याकडे अजून नाजूक मामला आहे, आणि मिशनच्या शाळेतही तो आपोआप मिटत नाही. आमच्याकडे एका आईनं पोराला शपथ घातली होती, कोणाचं खायचं नाही. तो वाटायचा सगळ्यांना, घ्यायचा नाही कोणाकडून. तीन महिन्यांनी एका भुकेच्या दुपारी शपथ मोडली, आणि मग आईलाच येऊन सांगितलं. आई काय म्हणाली ते त्यानं आम्हाला कधी सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी डबा मोठा होता.

चर्चमध्ये हंगामाचा सण असतो, तो कळला तर एकदा जाऊन या, उपासनेला नको असेल तर नंतरच्या लिलावाला. लोक पहिलं पीक आणतात, कापसाचं बोंड, तुरीच्या शेंगा, पपई, कोंबडी, आणि त्याची बोली लागते. आमच्या परसबागेतली मेथीची जुडी एकदा दीडशे रुपयांना गेली, घेणारे हिंदू दुकानदार होते, आणि ती जुडी बांधणारं पोरगं आठवडाभर शाळेत छाती काढून फिरत होतं.

आणि एवढं करून मार्चपर्यंत ती तशीच राहिली, तर गावच्या शाळेत परत घाला. ह्यात कमीपणा काही नाही. मिशनची शाळा म्हणजे चांगली आणि जिल्हा परिषदेची म्हणजे वाईट, असं मी बत्तीस वर्षांत तरी पाहिलं नाही. दोन्हीकडे बाईंवर असतं.

पण मार्चच्या आधी नाताळ आहे, अजून पाच-सहा आठवडे. शाळेत गव्हाणीचा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा होईल. आम्ही दरवर्षी पुठ्ठ्याची मेंढरं कापायचो. एका वर्षी एका पोरानं घरचं खरं करडू आणलं. सगळी शाळा त्याच्याभोवती, पाळकसाहेबांचं भाषण कोणी ऐकलं नाही. तुमच्याकडे तेवीस बकऱ्या आहेत, एखादी तोवर विणारच, आणि कोणती ते तुमच्या लेकीला माहीत असेल. वर्गशिक्षिकेला आत्ताच विचारून ठेवा. फक्त देवदूतांचे पंख कापसाचे असतील तर करडाचा दोर आखूड बांधायला सांगा. आमच्या गब्रिएलचा उजवा पंख त्यानं पडदा उघडायच्या आधीच खाल्ला होता.